सहीच्या आधीचे प्रश्न

पहिला मेसेज आला तेव्हा शामलाबाईंनी तो पुसून टाकला. 'आपला दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरण्याची तारीख जवळ आली आहे,' असं काहीसं होतं. आजकाल असे मेसेज कोणाला येत नाहीत? लॉटरी लागली, वीज कापणार, पार्सल अडकलं. आपण पुसतो आणि कामाला लागतो. शामलाबाईंनीही तेच केलं आणि कुकर लावायला गेल्या.

पण आठ दिवसांनी पोस्टमन एक जाडजूड पाकीट देऊन गेला, आणि ते काही पुसता येईना. मुलगी मयुरा पारशिवनीच्या शाळेत शिक्षिका होती, शनिवारी नागपुरात बेसाला आईकडे यायची. तिनं चष्मा सारखा करत पत्र वाचलं, परत एकदा वाचलं, आणि आईकडे पाहत राहिली.

"आई, तू उन्मेषले पाच लाख दिले होते ना? एकदाच भरायचे म्हणून?"

"हाव. एकदाच. काहून?"

"इथं लिहून आहे की दरवर्षी पाच लाख भरायचे. सात वर्षं! नाही भरले तं पॉलिसी बंद, आणि भरलेल्यातले कितीतरी गेले."

शामलाबाई मटकन खाली बसल्या असत्या, पण त्यांचे गुडघे त्यांना तसं बसू देत नव्हते. त्या भिंतीला धरून उभ्याच राहिल्या.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यांत नर्सची नोकरी केली होती. भिवापूरला सुरुवात केली, नागपुरात निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या पैशातून मयुराचं लग्न झालं, बेसाचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, आणि पाच लाख उरले. ते दोन्ही गुडघ्यांसाठी होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर गोळ्यांवर काढा, मग ऑपरेशन करावंच लागेल.

आणि उन्मेष? तो काही परका नव्हता. त्यांच्याच वॉर्डात काम करणाऱ्या कमलताईंचा तो मुलगा. दोघींच्या ड्युट्या आलटून पालटून असायच्या, तेव्हा हा पोरगा शाळेतून थेट शामलाबाईंच्या घरी यायचा, त्यांच्या हातची भाकर आणि झुणका खायचा. कमलताई गेल्या तेव्हा त्याचं डोकं शामलाबाईंच्याच मांडीवर होतं. गेल्या वर्षी तो टाय लावून, टॅब घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्यांना कोण अभिमान वाटला होता! "मावशी, मी आता आर्थिक सल्लागार झालो," तो म्हणाला होता. टॅबवर वर वर जाणारी हिरवी रेघ दाखवून त्यानं सांगितलं होतं, "एकदाच भरायचे. एफडीपेक्षा भारी. लागतील तेव्हा काढा." त्याच वेळी शामलाबाईंनी सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी मले गुडघे करायचे आहेत बरं का." "होऊन जाईल मावशी," तो म्हणाला होता आणि पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या जागा पुढे सरकवल्या होत्या. त्यांनी चौदा सह्या केल्या. एकही ओळ वाचली नाही. आपल्या लेकरावर कोणी अविश्वास दाखवतं का?

त्यांनी उन्मेषला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला, तर समोरून कापला गेला. चार दिवस हेच.

पाचव्या दिवशी त्या स्वतःच बर्डी बाजारातल्या त्याच्या विमा कंपनीच्या ऑफिसात गेल्या. लिफ्ट बंद होती. दोन मजले चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. वर शाखाप्रमुख कृष्णकांत साहेब बसले होते. ते हसतमुखानं म्हणाले, "या मॅडम, पाणी घ्या." मग कागद काढले आणि बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना?"

"सही माहीच आहे. पण मले सांगतलं होतं की एकदाच भरा लागते."

"मॅडम, आमच्याकडे कागद बोलतो. तीस दिवसांत पॉलिसी परत करता येत होती. तुम्ही केली नाही."

उन्मेष बाजूच्याच टेबलाशी बसला होता. मान खाली. शामलाबाई त्याच्याकडे वळल्या. "उन्मेष, तू तरी बोल बाबू. काय सांगतलं होतं तू मले?"

ऑफिसातली पाच-सहा माणसं पाहत होती. कृष्णकांत साहेबही पाहत होते. उन्मेषनं वर न पाहता म्हटलं, "मावशी... मी सगळं सांगितलं होतं. तुम्ही नीट समजून घेतलं नसेल."

अरेरे! पाच लाख गेल्याचं ऐकून जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. शामलाबाई दाराकडे वळल्या. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या आणि ऑटोत बसल्यावर पदरानं तोंड झाकून रडल्या.

मयुरा पोलिसात जायचं म्हणत होती. शेजारचे म्हणत होते, आता काही होत नाही, सोडून द्या. शामलाबाईंचं जेवणात लक्ष नाही, टीव्ही लावत नाहीत, कमलताईंचा विषय निघाला तर उठून जातात. चोरानं लुटलं तर माणूस चोराला शिव्या घालून मोकळा होतो. पण घरच्यानंच लुटलं तर शिव्या कोणाला घालायच्या? मीच कशी मूर्ख, हाच विचार डोकं कुरतडत राहतो.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. उन्मेष होता. हातात एक कागद.

"मावशी, साहेबांनी पाठवलं. यावर फक्त एक सही पाहिजे. सगळी माहिती मिळाली, तक्रार नाही, असं आहे. मग साहेब म्हणतात, हप्ता कमी करून देतील."

मयुरा तापली. "लाज वाटून राहिली का तुले? अजून सही पाहिजे!"

शामलाबाईंनी तिला हातानंच थांबवलं. "थांब वं. बस उन्मेष. करते मी सही. पण एक काम कर. गेल्या वर्षी आला तसा कपाटात पडून असलेला पॉलिसीचा मोठा गठ्ठा आहे ना, तो आधी मले वाचून दाखव. इंग्रजीत आहे, तू मराठीत सांग. पहिल्या पानापासून."

"सगळा? मावशी, बेचाळीस पानं आहेत."

"मले वेळच वेळ आहे. कुठं चालता येते मले?"

तो वाचायला लागला. पहिली तीन पानं सरली. चौथ्या पानावर तो अडखळला, थांबला, परत वाचलं.

"काय आहे गा?"

"इथं... तुमचा व्यवसाय लिहिला आहे. किराणा व्यापारी. वार्षिक उत्पन्न पंचवीस लाख."

"बापा! मी कधी किराणा दुकान टाकलं?"

उन्मेष घाईनं म्हणाला, "मी हे नाही लिहिलं मावशी. देवाशपथ. मी तुमच्या सह्या घेऊन कोरा फॉर्म साहेबांना दिला होता. ते म्हणाले, बाकीचं मी भरतो."

"कोऱ्या कागदावर सही घेतली तू माही?"

त्यानं गठ्ठा मिटायला घेतला. "पुढं वाच," शामलाबाई म्हणाल्या. पुढे भरलेल्या पैशांतून होणाऱ्या कपातीचं एक कोष्टक आलं. "याचा अर्थ काय?" त्याला सांगता येईना. मग मध्येच पैसे काढले तर किती मिळतील याचं एक कलम आलं. त्यानं ते तीनदा वाचलं. शेवटी त्यानं गठ्ठा मांडीवर ठेवला.

"मावशी, मलेच समजून नाही राहिलं!"

ऑफिसातली ती गुळगुळीत भाषा त्याच्या तोंडून गळून पडली होती. आता तो कमलताईंचा पोरगाच बोलत होता. "आमचं ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं. एक दिवस, लोकांशी कसं बोलायचं. दुसऱ्या दिवशी, टार्गेट. साहेबानं सांगतलं की एकदाच भरलं तरी चालते. मी तेच तुम्हाले सांगतलं. मले खरंच तसं वाटून राहिलं होतं. मी हे कधी उघडूनही पाहिलं नाही."

"साहेबानं सांगतलं," शामलाबाई हळूच म्हणाल्या. "ऐक आता माहं. मी चौतीस वर्षं सुया टोचल्या. पण सुई टोचायच्या आधी पेशंटले विचारा लागे, बाई, कोणत्या गोळ्या चालू आहेत? कशानं अंगावर पुरळ येते का? डॉक्टरनं घाईत चुकीचा डोस लिहिला, असं कितीदा झालं. मी परत जाऊन विचारायची. रागवायचे, पण विचारायची. साहेबानं लिहिलं म्हणून टोचली असती ना, तं पेशंट माह्या हातून मेला असता, साहेबाच्या हातून नाही. तुह्या मायनंही असंच काम केलं. तुले मी गुडघ्याचं सांगतलं होतं. तू ऐकलं नाही. तू फक्त सहीची जागा दाखवली."

"चुकलो मावशी."

"चूक झाली त्याचं दुःख नाही मले. पैसेही येतील-जातील. पण त्या दिवशी चार लोकांत तू म्हटलं की मले समजलं नाही. तुले समजलं नव्हतं, आणि नाव माहं घेतलं. ते लागलं गा... फार लागलं."

उन्मेष ओंजळीत तोंड लपवून रडला. शामलाबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. पाण्याचा गिलास तेवढा पुढे सरकवला.

मग त्यानं साहेबांनी दिलेला कागद फाडला, मयुराकडून वहीचं एक पान मागितलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: मी या बाईंना ही योजना एकदाच पैसे भरण्याची आहे असं चुकीचं सांगितलं. त्यांच्या सह्या कोऱ्या अर्जावर घेतल्या. त्या निवृत्त नर्स आहेत, व्यापारी नाहीत. खाली सही केली, तारीख टाकली.

"तुही नोकरी जाईल," मयुरा म्हणाली. राग अजून होताच, पण आवाज खाली आला होता.

"जाऊ दे."

आणि ती गेलीच! कृष्णकांत साहेबांनी आठवड्याभरात त्याला काढलं. 'तुला मी भावासारखं वागवलं' असं म्हणणाऱ्या याच साहेबांनी, फॉर्म उन्मेषनंच भरला, असं कंपनीला लेखी कळवलं. विश्वासघात काय असतो ते उन्मेषला त्या दिवशी बाहेरून नाही, आतून कळलं. वहीचं ते पान जोडून मयुरानं केलेली पहिली तक्रार कंपनीनं फेटाळली. मग मयुरानं विमा लोकपालांकडे अर्ज केला. अख्खा हिवाळा गेला. शामलाबाई वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जात होत्या आणि ओट्याशी स्टूलवर बसून पोळ्या करत होत्या. उन्मेष प्रत्येक सुनावणीला हजर राहिला आणि प्रत्येक वेळी तेच बोलला: चूक माझी, बाईंची नाही. सात महिन्यांनी पाचही लाख परत आले. पावसाळ्याआधी पहिल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

उन्मेषनं हा धंदा सोडला नाही. तो महाल भागातल्या मधुकररावांकडे गेला. चाळीस वर्षं गुंतवणुकीचा सल्ला देण्याचं काम केलेले हे गृहस्थ. त्यांनी त्याला दोन महिने काही विकूच दिलं नाही. फक्त बाजूला बसून ऐकायचं, आणि आलेल्या माणसानं काय सांगितलं ते संध्याकाळी जसंच्या तसं लिहून दाखवायचं. सुरुवातीला त्याला निम्मंही आठवायचं नाही. सोबत त्यानं रीतसर अभ्यास केला. पहिल्या परीक्षेत नापास झाला, दुसऱ्यांदा पास झाला.

मग एक दिवस तो एक कागद घेऊन शामलाबाईंकडे आला. त्यावर प्रश्न होते, मराठीत. हे पैसे तुम्हाला कधी लागतील? कशासाठी? घरात कोणाचं आजारपण आहे? मध्येच भरणं थांबलं तर काय होईल हे तुम्हाला सांगितलं का?

शामलाबाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "अक्षर मोठं कर. साठीच्या माणसाले हे दिसत नाही. आणि खाली जागा सोड. आम्ही पेशंटले घरी सोडताना विचारायचो, गोळ्या कशा घ्यायच्या ते आता तुम्ही मले सांगा. तसंच इथं त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं, त्याले काय समजलं ते. सही त्याच्यानंतर."

त्यानं मान डोलावली आणि लिहून घेतलं.

"आणि माहे पैसे पोस्टात आहेत. तुह्याकडे नाही देणार," त्या म्हणाल्या.

"नका देऊ मावशी," तो म्हणाला.

पण पुढच्या मार्चमध्ये, निवृत्त होणाऱ्या नर्सेसचा मेळावा होता. त्यात पैशांविषयी कोणीतरी बोलावं असं ठरलं, तेव्हा शामलाबाईंनीच उन्मेषचं नाव सुचवलं. एक अट घातली. आधी, तू काय केलंस ते सांगायचं. मग बाकीचं.

सभागृहात साठ-सत्तर बायका होत्या. उन्मेष उभा राहिला. "माझ्या आईसोबत काम केलेल्या, मला जेवू घातलेल्या बाईंना मी फसवलं," त्यानं सुरुवात केली. "मला काही येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून मी ठासून बोललो." त्यानं सगळं सांगितलं, ऑफिसातलं ते वाक्यसुद्धा. पहिल्या रांगेत शामलाबाई काठी टेकून ताठ बसल्या होत्या.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका नर्सनं पेन्शन विकून एकरकमी पैसे घेण्याबद्दल एक अवघड प्रश्न विचारला. उन्मेषनं खिशातून पेन काढलं.

"ताई, हे मला नक्की माहीत नाही," तो म्हणाला. "चुकीचं सांगण्यापेक्षा विचारून, वाचून, येत्या मंगळवारी सांगतो. तुमचा नंबर द्या."

शामलाबाईंनी बाजूला बसलेल्या मयुराच्या हातावर हात ठेवला. "आता झाला हा सल्लागार," त्या म्हणाल्या.

वाचकहो, ज्याच्या हाती लोक आयुष्याची कमाई सोपवतात, त्याची जीभ गोड असून भागत नाही. त्याला ऐकता आलं पाहिजे, सतत शिकता आलं पाहिजे, आणि 'मला माहीत नाही' म्हणायची हिंमत पाहिजे. आणि आपण? माणूस कितीही जवळचा असो, त्याला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. समजेपर्यंत विचारा. कोऱ्या कागदावर तर पोटच्या पोरालाही सही देऊ नका!