उन्हाळ्यातलं माहेर

सपना ऑफिसच्या मराठीत बोलायला लागली की समजावं, निर्णय होऊन बसलाय, आता नुसतं कळवणं चाललंय. एरवी ती आईबापाशी अहिराणीतच भांडायची, रुसायची, हसायची. मार्चमधल्या एका रविवारी मात्र तिचा जळगावहून फोन आला तो असा: "आबा, मी सगळा विचार केलाय. बाळंतपण जळगावलाच करते. आई इकडे येईल. मे महिन्यात आपल्या घरात राहणं शक्य नाही."

आधारभाऊंनी फोन स्पीकरवर टाकून लिलाबाईंच्या हातात दिला आणि बागेला पाणी सोडायचंय म्हणून चपला शोधू लागले. पाणी सकाळीच सोडून झालं होतं, आणि ते लिलाबाईंना चांगलं ठाऊक होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय आजची आहे? पारोळ्याजवळ बोरीच्या काठावर वसलेल्या त्या गावात एकही लेक अशी नव्हती, जी पहिल्या खेपेला आईकडे आली नाही. लिलाबाईंनी डिंक आणून ठेवला होता, बाळंतशेपा निवडून ठेवल्या होत्या, मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. आणि पोरगी म्हणते, येत नाही. कारण काय, तर ऊन.

"मे महिना आम्हले नव्हता का व?" लिलाबाई फोनवर कडाडल्या. "तू सोता मे महिनानी शे! याच घरमा जन्मनी."

सपना चिडली नाही. वीज कंपनीच्या ऑफिसात तिचं कामच ऊन-थंडीच्या हिशेबाचं होतं. जळगाव आणि धुळे शहरांना पूर्वी थंडीत ऊब मिळवायला किती वीज लागायची, उन्हाळ्यात गारव्याला किती लागायची, आता किती लागते आणि आणखी वीस वर्षांनी किती लागेल, याचा ती अंदाज बांधायची. हिवाळ्याची रेघ उतरत चालली होती. गिझर उशिरा सुरू होत होते, लवकर बंद होत होते. उन्हाळ्याची रेघ मात्र आता फेब्रुवारीतच डोकं वर काढायची.

"आई, दिवसाचं सोड. ऊन तेव्हाही होतं," ती म्हणाली. "रात्रीचं बघ. मी लहान होते तेव्हा मे महिन्यातसुद्धा पहाटे तू माझ्या अंगावर पांघरूण घालायचीस. आता घालावं लागतं का?"

लिलाबाई आठवू लागल्या. दारात चपला घालून उभे असलेले आधारभाऊसुद्धा आठवू लागले. मे महिन्यात पहाटे अंगावर चादर ओढली, असं शेवटचं कधी झालं होतं? खूप आठवलं, पण सापडेना.

"मंग एसी लेसूत," ते दारातूनच ओरडले.

"आबा, संध्याकाळी तुमच्याकडे पंखा किती जोरात फिरतो, ते मला विचारू नका. गावाच्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच पेलत नाही एवढा भार झालाय. तुमचा एसी नुसता भिंतीला शोभेचा होईल."

विषय संपला. म्हणजे सपनाच्या बाजूनं संपला.

आधारभाऊ बागेत जाऊन बसले. वाईट त्यांना फार वाटलं, उगाच लपवाछपवी कशाला करायची? एकुलती एक लेक. ती नोकरीला लागली तेव्हा गावभर पेढे वाटले होते त्यांनी. आता तिचं लेकरू ह्या घरात पहिलं रडणार, एवढीच हौस उरली होती, आणि तीही उन्हानं खाल्ली. समोर केळी उभी होती. केळ म्हणजे मोठी नाजूक जात. पश्चिमेचा तापलेला वारा लागला की पान चिंध्या होतं, घड काळा पडतो. म्हणून केळीवाला बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट रांग लावतो, तिला हिरवी जाळी बांधतो, घडावर वाळलेली पानं झाकतो आणि मुळाशी थेंबथेंब ठिबक चालू ठेवतो. एवढं केलं की केळ मे महिना पार करते. आधारभाऊंची तर दर वर्षी करायची.

ते उठलेच. घरी येऊन लिलाबाईंना म्हणाले, "आठे मे महिनामा केळ जगस. मंग मन्ही आंडेर, मन्ही लेक, कशी नही राही?"

दुसऱ्या दिवसापासून घराला केळीची रीत सुरू झाली. आधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात. मग त्यावर गोणपाटं अंथरली. गोणपाटांवर बागेतल्या जुन्या ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि गच्चीवरच्या टाकीला जोडल्या. सपनाच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला बांबू रोवून हिरवी जाळी ताणली, जाळीपुढे कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, घराला काहीतरी लागलंय आणि कोणीतरी पट्टी बांधलीय.

गाव गप्प बसतं होय? शेजारचा हिलाल कुंपणावर रेलून म्हणाला, "आधारभाऊ, घरले बी ठिबक? खत कव्हय सोडशात मंग?"

लिलाबाईंनीही हात धुवून घेतले. "घरमा पोर येनार शे का केळ लावनी शे?" पण दुपारी त्या खोलीत जाऊन भाजी निवडत बसू लागल्या. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आधारभाऊंनी शहाण्या माणसासारखं विचारलं नाही.

सपनाला कोणीच काही कळवलं नव्हतं. चौदा एप्रिलला ती दर वर्षी गावी यायचीच. जयंती सोडून ती कुठं राहिलीय? यंदा आठवा महिना होता, तरी ती आणि जावई प्रशील सकाळीच गाडीनं आले. प्रशील मूळचा धुळ्याचा, शाळेत शिक्षक, स्वभावानं थंड. सासऱ्याचं घर बघून तो एवढंच म्हणाला, "आबा, छान झालंय." सपनाचं हसू मात्र आवरेना. ती ओट्यावर बसून पोट धरून हसली.

"आबा, हाई काय करी ठेवं?"

"जेवन झावावर आत जाय. मंग बोल," आधारभाऊ म्हणाले.

विहारात वंदना झाली, पंगतीत बट्टी आणि वांग्याची भाजी झाली. मिरवणूक संध्याकाळी होती. ऊन रणरणायला लागलं तशी सपना आपल्या खोलीत गेली. तिनं भिंतीला तळहात लावला आणि तो तसाच ठेवला. मग छताकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. नळ्यांना पाणी किती लागतं, गोणपाट किती वेळात वाळतं, सगळं विचारून घेतलं. शेवटी ती पलंगावर टेकली आणि म्हणाली, "गार शे, आबा. खरंच गार शे." थोड्या वेळानं बघावं तर ती गाढ झोपली होती.

आधारभाऊ ओट्यावर येऊन बसले. तुम्ही त्यांचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. निवडणूक जिंकलेला माणूससुद्धा इतका फुलत नाही. बाजूला प्रशील बट्टीच्या सुस्तीत घोरत होता, लिलाबाई विहारात भांडी आवरायला थांबल्या होत्या. सगळं कसं जमून आलं होतं, आणि तेवढ्यात पंखा मंदावला. फिरतो न फिरतो असं करत थांबलाच. लाईट गेली.

पंख्याचं त्यांना काही नव्हतं, खोली पंख्यावाचूनही गार होती. पण टाकी? सकाळपासून नळ्या चालू होत्या. लाईट नाही म्हणजे मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणजे टाकीत पाणी नाही. एप्रिलमधल्या उन्हात गोणपाट वाळायला किती वेळ लागतो? आणि ते वाळलं की स्लॅब तापणार, स्लॅब तापला की पोरगी जागी होणार, आणि जागी झाली की म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते?

आधारभाऊंनी उपरणं भिजवून डोक्याला गुंडाळलं. अंगणातल्या हौदातून दोन बादल्या भरल्या आणि जिना चढले. गोणपाटावर ओतल्या, उतरले, पुन्हा भरल्या. आवाज होऊ नये म्हणून बादली अलगद टेकवत होते. गच्चीची कोरडी फरशी पायाला चटके देत होती. उपरणं दोन खेपांत वाळलं. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं व्हायला लागलं, तसे ते पाण्याच्या टाकीच्या बोटभर सावलीत टेकले. आता मिनिटभर बसू, मग पुन्हा जाऊ, असं म्हणत होते, तोच जिन्यावरून हाक आली.

"आबा."

सपना वरच्या पायरीवर उभी होती. एक हात कठड्यावर, एक पोटावर.

"तू कसाले चढनी व?" आधारभाऊ दचकून उठायला गेले आणि परत बसले. "जाय खाले! मी आत्तेच उनू."

आत्ताच आलेल्या माणसाचं तोंड असं विटेसारखं लाल होत नाही. सपनानं प्रशीलला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना खाली आणलं आणि तिच्या पलंगावर निजवलं. तिनं त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. लिलाबाई परतल्या तेव्हा त्यांना दिसलं, बाळंतपणाच्या पलंगावर नवरा आणि उशाशी लेक.

"बठ्ठं गाव सावलीमा बसेल शे, अन् यासले ऊन खावानी हौस!" त्या ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आधारभाऊंना बरं वाटू लागलं, तशी सपना पलंगाच्या कडेला बसली. "आबा, मी मेमध्ये इथे येणार नाही."

"खोली गार नव्हती?"

"गार होती. फ्लॅटमध्ये एसी लावूनही मला अशी झोप लागत नाही."

"मंग?"

"एसी उष्णता संपवत नाही, आबा. आतली काढतो आणि बाहेर टाकतो. ह्या खोलीची सगळी उष्णता तुम्ही आज स्वतःच्या डोक्यावर घेतली. सव्वा महिना मी आत गार झोपायचं आणि तुम्ही वर जळायचं?" तिची ऑफिसची मराठी सुटली. "मन्हा बाळले आजा नको का?"

आधारभाऊ छताकडे बघत पडून राहिले. हरल्याचं दुःख झालं. पण त्या दुःखात काहीतरी इतकं गोड मिसळलेलं होतं, की नीट रागावताही येईना. ते म्हणाले, "मी बी येस जळगावले. तुन्ही मायना संगे. सव्वा महिना."

मे महिन्यात बाग सोडून हा माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला गेला नव्हता. त्या दिवसांत दोन पाणी चुकली की वर्षाची मेहनत मातीत.

"अन् बाग?" लिलाबाईंनी विचारलं.

"हिलाल पाही लेई. घड बारीक पडतीन, पडू दे. केळ दर साल येस. पोर पहिलांदाव बाळंतीन व्हयी राहिनी."

सपनानं त्यांच्या कपाळावरचं फडकं उलटं केलं. गार बाजू खाली गेली. मग ती म्हणाली, "जानेवारीमा मी आठेच येसू, बाळले लिसन. चांगली दोन महिना."

आधारभाऊंनी मान वळवून लेकीकडे बघितलं. एवढ्या मोठ्या शहरांचा अंदाज बांधणारी पोर, तिला नाही ठाऊक तर कोणाला?

"तुन्हा अंदाज काय सांगस?" त्यांनी विचारलं. "जानेवारीमा थंडी राही ना?"

सपनाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि बापाचा चेहरा समोर होता.

"थोडी राही," ती म्हणाली. "बाळपुरती राही, आबा."