पाळकसाहेबांची दाढी

पाळकसाहेबांनी दाढी राखली आणि आमच्या घरातला रविवार बंद पडला.

आई एकतीस वर्षं कापडगिरणीत मागावर होती. त्या खडखडाटात तिचे कान कामातून गेले. तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचूनच बोलायच्या. भर खात्यात मुकादमाची टिंगल चालायची आणि त्याला पत्ता नसायचा. निवृत्तीनंतर त्यातल्या चौघी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायला लागल्या, पाळकसाहेबांच्या तोंडाकडे टक लावून. चौघींना ऐकू येत नाही हे त्यांनी चर्चमध्ये कोणाला कळू दिलं नव्हतं. मंडळीला वाटायचं, काय यांची भक्ती!

"सहा दिवस तुम्ही सगळे माझ्याशी ओरडून बोलता," आई म्हणायची. "रविवारी एक तास देव हळू बोलतो." तो तास ती जिवापाड जपायची.

मग साहेब सुटीवर गेले आणि ओठ झाकणारी दाढीमिशी घेऊन परतले. बाकीच्या तिघी कळल्यासारखं करून बसून राहिल्या. आईला सोंग जमेना. तिसऱ्या रविवारी ती उपासनेतून उठून घरी आली आणि चर्चच्या चपला तिनं कपाटात टाकल्या.

"अगं, सांग ना त्यांना."

"काय सांगू? मी बहिरी आहे, तुम्ही दाढी काढा?"

माझं डोकं फिरलं. मी तडक साहेबांकडे गेले. ते अंगण झाडत होते.

"मावशी रागावल्यात ना माझ्यावर?" त्यांनीच विचारलं. "पहिल्या बाकावरून अशा बघायच्या, की माझी बोबडी वळायची."

मी सगळं सांगितलं. ते झाडू धरून पायरीवर बसले. हात दाढीवर गेला. "बायकोला फार आवडते हो," एवढंच म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत घरी आले.

रविवारी आईला जवळजवळ ओढतच नेलं. साहेब वेदीसमोर उभे राहिले, तर दाढीमिशी गायब, हनुवटी गुळगुळीत, दोन ठिकाणी कापलेली. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज नाहीच. मागे कुजबुज सुरू झाली, माइक बघायला एकजण उठलासुद्धा.

"आमेन," चौघी एकदम म्हणाल्या, खिडक्या हादरतील अशा आवाजात.

आईनं मान वळवली, तर मागच्या बाकावरचे निवृत्त हेडमास्तर पुढे वाकले होते. "काय म्हणाले?"

हा प्रश्न इतकी वर्षं आईनं गिळला होता. ती उठली, मागे वळली आणि अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "या घरात कोणी परकं नाही, म्हणाले. मला कानांनी ऐकू येत नाही, तरी कळलं. तुम्ही जरा लक्ष देत जा."