झऱ्याभोवतीची तार

महावीरअण्णा आमच्या बांधाला लागून असलेलं काजूचं रान विकत घेऊन तिथं राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, चार भांडी आणि चटई एवढंच होतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. बायको वारून दोन वर्षं झालेली. दुकान पोराच्या, पारसच्या हवाली करून ते आजऱ्याच्या या डोंगरात आले. वय बासष्ट. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पावणं, मला हितं काय पिकवायचं न्हाय. जरा सोताकडं बघायचं हाय."

मी म्हटलं, बघा की.

एप्रिल चालला होता. तांबडी माती पायाला चटके देत होती आणि पडलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास सगळ्या रानात भरला होता. अण्णा पहाटे उठायचे, रानातल्या झऱ्यावर अंघोळ करायचे, नाचणीची भाकरी स्वतः थापायचे, दिवस बुडायच्या आत जेवायचे. पण ध्यानाला बसले की दहा मिनिटांत उठायचे. झोपडीभोवती फेऱ्या मारायचे, झाडलेलं अंगण परत झाडायचे. डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो, असं त्यांनीच मला सांगितलं.

त्यात सकाळ-संध्याकाळ लालबी यायची. वाडीतली एकटी बाई, पासष्टीची. सात शेळ्या हाच तिचा संसार. उन्हाळ्यात डोंगराच्या आमच्या बाजूला पाणी त्या एकाच झऱ्याला, म्हणून बारा-पंधरा वर्षं ती शेळ्या तिथंच पाजायची. आधीच्या मालकानं कधी हटकलं नव्हतं. शेळ्यांशी ती मोठमोठ्यानं बोलायची, एकेकीला नावानं दटावायची. अण्णांना ते सोसेना. त्यांनी आजऱ्याहून काटेरी तार आणली, दोन गडी लावले आणि एका दिवसात झरा बंद करून टाकला.

मी सांगून बघितलं, ऐन उन्हाळ्यात म्हातारी कुठं जाणार. ते म्हणाले, खाली ओढा आहे की. ओढा होता, पण अर्ध्या तासाची उभी उतरण, पायाखाली सुटे दगड. लालबी भांडली नाही. तारेपाशी जरा वेळ उभी राहिली, मग शेळ्या वळवून खाली गेली.

रान गप झालं, आणि अण्णा जास्तच बिथरले. चटई झोपडीतून झाडाखाली गेली, झाडाखालून खडकावर, तिथून परत झोपडीत. भाकरी अर्धी टाकायला लागले. चौथ्या दिवशी मी खळ्यात बोंडं पिळून काजूबिया काढत होतो, तिथं आले. उगाच इकडचं तिकडचं बोलले. मग दुसरीकडे बघत विचारलं, म्हातारी ओढ्यावरनं परत कधी येते. मी म्हटलं, दहापर्यंत. बारा वाजत आले होते. आज ती परतल्याचा आवाजच आला नव्हता, हे आम्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

आम्ही उतरणीला लागलो. अर्ध्या वाटेवर करवंदीच्या जाळीखाली लालबी बसली होती. दगडावरनं घसरून पडली होती, पाय घोट्यापाशी सुजून टम्म झाला होता. सकाळपासनं ती तिथंच होती. मी पाणी पाजलं. पाणी पिऊन तिनं अण्णांकडं बघितलं.

"आता बरं वाटतंय न्हवं तुमास्नी? मन लागतंय का?"

टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

अण्णा तिथंच मातीत बसले.

"आमच्या मंडळीला दमा हुता," ते म्हणाले. "सारखी खोकायची. माझं ध्यान मोडतंय म्हणून तिची खाट मागल्या खोलीत टाकली मी. तीबी अशीच काय बोलली न्हाय. ती गेली तवा मी म्होरल्या खोलीत डोळं मिटून बसलोतो. पारसनं येऊन सांगितलं."

लालबीनं पदरानं तोंड पुसलं.

"रडायचं ते मागनं रडा," ती म्हणाली. "आदी शेळ्या गोळा करा. गव्याच्या वाटंला लागल्या तर मी काय करू?"

आधी शेळ्या हुडकून आणल्या, मग लालबीला आम्ही पाळीपाळीनं पाठीवर घेऊन वर आणलं. हाड मोडलं होतं. आजऱ्याच्या दवाखान्यात दीड महिन्याचं प्लॅस्टर घातलं. त्याच संध्याकाळी अण्णांनी तार सोडवायला घेतली. गडी बोलावला नाही, मलाही हात लावू दिला नाही. दोन्ही तळवे फाटले तरी शेवटचा खांब उपटूनच थांबले.

दुसऱ्या दिवसापासनं शेळ्या त्यांनीच राखायला घेतल्या. शेळ्या त्यांना मुळीच जुमानत नव्हत्या. एक वर चढली की दुसरी खाली. पांढरं धोतर चार दिवसांत मातीच्या रंगाचं झालं. लालबी उंबऱ्यावर पाय लांब करून बसायची आणि परतल्यावर कुठली शेळी उपाशी राहिली, ते त्यांना तोंडावर सुनवायची. अण्णा त्या शेळीपुढं पाला टाकायचे.

पंधरा दिवसांनी ते माझ्या बांधावर टेकले, तेव्हा मी विचारलं, ध्यानाचं काय झालं.

"बसलो की तिची खाट दिसती," ते म्हणाले. "पयल्यांदा मी उठून पळायचो. आता बघत बसतोय."

आणखी काही बोलणार होते, पण शेळ्या माझ्या मिरचीच्या वाफ्यात शिरल्या होत्या. धोतर सावरत ते तिकडं पळाले.