चाकाला हात

दैवशालाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आणि नवऱ्याला, मच्छिंद्ररावांना, मासे धरायचा नाद. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, दोन्हींपैकी काहीच सुटलं नाही. मग घरानं आपलाच एक कायदा काढला. मासा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. अंगणात लिंबाखाली वेगळी चूल, वेगळं पातेलं. मच्छिंद्ररावांनी आपणच शिजवायचं, आपणच खायचं, आपणच भांडं घासायचं आणि हातपाय धुऊन मगच घरात यायचं. बाई तेवढा वेळ तिकडं पाठ करून बसायच्या. शहागडातली माणसं या कायद्याची थट्टा करायची, पण तो मोडला मात्र एकदाही नाही.

चार एकर मोसंबीची बाग, आणि बागेला लागून गोदावरी. बागेतलं काम उरकलं की हा माणूस आपली छोटी फायबरची होडी काढून डोहात जायचा. जाळं त्यानं कधी टाकलं नाही. एकच दोरी, तिला गळ आणि खाली वजनाला दगड. दोरी उजव्या हाताच्या बोटावर धरायची आणि वर बसून सांगायचं, खाली गाळ आहे का खडक, मासा नुसता हुंगतोय का गिळतोय. उन्हाळ्यात मोठे मासे तळाला जाऊन बसतात. तिथवर गळ बराबर उतरवायचं कसब त्या एका बोटात होतं.

दिवाळीनंतर लकवा मारला आणि नेमका तोच हात गेला. पाय सावरला, जीभ सावरली, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच. दाबायला म्हणून डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू कोनाड्यात पडून राहिला. ओसरीवरची खाट नदीकडं तोंड करून असायची, ती त्यांनी भिंतीकडं फिरवून घेतली. पाच महिने झाले, माणूस कामापुरतंच बोलत होता. लिंबाखालचं पातेलं पालथं पडलेलं दिसलं की बाईंचा पाय तिथंच अडायचा. एरवी त्या पातेल्याचा केवढा राग! एकदा तर माळ हातात धरून त्या मनात म्हणाल्या, देवा, अंगणात पुन्हा त्या माशाचा वास येऊ दे. म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या.

मुलगा अंगद जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. त्यानं मोबाईलमध्ये एक यंत्र शोधून काढलं. डाउनरिगर. होडीच्या काठाला एक चाक बसवायचं, त्याच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चार किलोचा लोखंडी गोळा. आपली गळाची दोरी त्या तारेला चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा; गोळा जाईल तिथं गळ जातो. मासा लागला की चिमटा सुटतो, मासा मोकळ्या दोरीवर येतो. अंगदनं आईला हे तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, हे तर आपल्या विहिरीवरचा रहाटच झाला की. अंगद हसला, पण बाई काही चुकीचं बोलल्या नव्हत्या.

अडचण एकच होती. यंत्रं दोन तऱ्हेची. एक बॅटरीवरचं, बटण दाबलं की गोळा खाली, बटण दाबलं की वर, किती फूट गेला ते काचेवर आकड्यात दिसतं. दुसरं हातानं फिरवायचं. अंगदचं मत ठाम होतं, बटणाचंच घ्यायचं. आबांना एक हात पुरेल, कुणाच्या मदतीची गरज न्हाई, एकटे जातील एकटे येतील. एकटे हा शब्द बाईंना टोचला. त्यांना एवढं कळत होतं की हा माणूस एकदाच होडीत बसायला राजी होईल. तिथं मन उतरलं तर खाट पुन्हा भिंतीकडं जाईल आणि मग ती कुणालाच फिरवता यायची नाही.

अंगदचा दोस्त धम्मपाल, जालन्यात त्याचं लेथचं वर्कशॉप. धरणावर मासेमारी करणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी त्यानं दोन्ही यंत्रं मागवलेली होती. आधी बसवून बघा, मंग ठरवा, असं म्हणून एका रविवारी सकाळीच तो दोन्ही घेऊन आला. मच्छिंद्ररावांनी बराच वेळ ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग बाईंनीच त्यांच्या चपला पायाशी आणून ठेवल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. अखेर ते उठले.

नदीकाठी पाण्याच्या मोटारीसाठी बांधलेला सिमेंटचा कट्टा आहे, तिथं काठालाच पाणी खोल आहे. होडी कट्ट्याला बांधली. आबांना दोघांनी धरून आत बसवलं. धम्मपालनं पहिलं बटणाचं यंत्र लावलं. त्यांनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं, यंत्र भुणभुणलं, गोळा खाली गेला, काचेवर आकडे पळाले. पुन्हा दाबलं, गोळा वर आला. सगळं कसं बिनबोभाट. कसं वाटलं, असं अंगदनं विचारलं तर म्हणाले, चांगलंय.

या माणसाचं 'चांगलंय' बाई छत्तीस वर्षं ऐकत आल्या होत्या. भाजीत मीठ विसरलं तरी हा चांगलंय म्हणायचा आणि ताटावरून उठायचा. मच्छिंद्ररावांचे डोळे त्या आकड्यांवरून कधीच उडाले होते आणि डावा हात, आता उठून घरी जायचं असल्यासारखा, होडीचा काठ धरून बसला होता.

तरी धम्मपालनं दुसरं यंत्र लावलं. चाकाची मूठ सैल केली की चाक सुटतं, आवळली की थांबतं, एवढं त्यानं दाखवलं. आबांनी डाव्या हातानं मूठ फिरवली, ती गरजेपेक्षा जास्त सैल झाली. चाक सुटलं. तार सणसणत निघाली. त्यांनी धरायला उजवा हात उचलला. म्हणजे मनानं उचलला. हात मांडीवरून हललाच नाही, आणि ते नुसते त्या हाताकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा बाईंना बघवेना.

त्या कधी होडीत उतरल्या ते त्यांनाही कळलं नाही. होडी डचमळली, पदर पाण्यात गेला, अंगद ओरडला. बाईंनी फिरत्या चाकाच्या कडेवर तळवा टेकवला, हलकेच, मग जरा दाबून. लग्न होऊन आल्यापासून मोटार बसेपर्यंत बारा वर्षं त्यांनी रहाटावर घागर सोडली होती. भरधाव चाक एकदम धरायचं नसतं हे तळव्याला ठाऊक होतं. चाक हळू झालं आणि थांबलं. गोळा मध्येच कुठंतरी पाण्यात लोंबत राहिला.

बाईंना धाप लागली होती. खरं तर त्यांना रडू येत होतं, पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"किती परस सोडू?"

विहिरीची खोली मोजायची ती परसात, एक पुरुष उंची म्हणजे एक परस. फूटबीट बाईंना कळत नव्हतं. मच्छिंद्ररावांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग डावा हात पुढं केला आणि तर्जनी त्या ताणलेल्या तारेवर ठेवली.

"सोड. आस्ते."

बाईंनी तळवा सैल केला. तार बोटाखालून सरकत गेली. मच्छिंद्ररावांनी डोळे मिटले होते.

"अजून. अजून जरा. थांब." मग म्हणाले, "गाळ लागला. खडक पुढं हाये, चार हातांवर."

पाच महिन्यांत बापाच्या तोंडून एवढे शब्द एका दमात अंगदनं ऐकले नव्हते. मच्छिंद्रराव मात्र आपल्या डाव्या बोटाकडं बघत होते. त्यांना वाटलं होतं, ते कसब उजव्या हाताबरोबर गेलं. ते त्या हातात नव्हतंच.

धम्मपालनं विचारलं, मंग काका, कोणतं ठेवायचं? मच्छिंद्ररावांनी हातानं फिरवायच्या यंत्राकडं मान केली. अंगदला राहवेना, तो म्हणाला, आबा, पण याला फिरवायला रोज दुसरं माणूस लागंल. कुठून आणायचं? मच्छिंद्रराव बायकोकडं बघत होते. छत्तीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही होडीत ये म्हटलं नव्हतं. माळकरी बाई, तिला काय म्हणायचं, असं धरूनच चालले होते. आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"तुझी माळ हाये," ते म्हणाले. "चालंल का?"

बाई पदर पिळत होत्या. त्यांनी जरा विचार केला. देवाशीच काही बोलत असाव्यात.

"मी चाकाला हात लावणार. माशाला तुमी लावायचा. आन् पातेलं तुमीच घासायचं."

"एका हातानं?"

"मंग तो चेंडू कशाला दिलाय डॉक्टरनं?"

मच्छिंद्रराव हसले. तोंड जरा वाकडंच झालं, पण हसले. मग त्यांनी विचारलं, उद्या सकाळी येतीस का. बाई म्हणाल्या, भाकरी थापून झाल्या की येते, तवर एकट्यानं होडीत पाय टाकायचा न्हाई.

घरी आल्यावर त्यांनी ओली साडी बदलली, लिंबाखाली जाऊन पालथं पातेलं सरळ केलं आणि खाटेचं तोंड पुन्हा नदीकडं फिरवलं.