हार्वेस्टरची ओटी

धम्मदीप यादोराव मेश्राम याने आयुष्यात दोनच सह्या विचार करून केल्या होत्या. एक लग्नाच्या रजिस्टरवर, आणि दुसरी मंगळवारी सकाळी, लाखनीला टिकारामभाऊंच्या वर्कशॉपात, एका प्रतिज्ञापत्रावर. पहिलीला कमी वेळ लागला होता.

प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की या जुन्या हार्वेस्टरमध्ये माती नाही, गवत नाही, पान नाही, किडा नाही, पक्ष्याचं पीस नाही आणि धान्याचा एकही दाणा नाही. टिकारामभाऊंचे दुरुस्त केलेले हार्वेस्टर आजवर फार तर बालाघाटपर्यंत जात. हा मोझांबिकला निघाला होता, तिथल्या एका धान पिकवणाऱ्या सोसायटीकडे, समुद्रमार्गे. परदेशाची टूम वर्कशॉपात कामाला असलेल्या धम्मदीपचीच. बंदरावर दाणा सापडला तर मशीन आल्या पावली परत आणि पुढचा व्यवहार कायमचा बंद, असं सोसायटीने स्वच्छ कळवलं होतं.

"सही तुही, दीप," टिकारामभाऊ म्हणाले होते. "मी तं अंगठ्याचा माणूस."

टिकारामभाऊ बी.कॉम. होते.

अड्याळकडच्या धानाच्या बांध्यांमधला अकरा वर्षांचा चिखल त्या मशीनच्या पोटात बसला होता. आठ दिवस धुलाई चालली. पाण्याचा फवारा झाला, हवेचा पाइप झाला, शेवटी दात घासायचे दोन डझन ब्रश आणले. चेनच्या एकेका कडीतून धम्मदीपने टाचणीने माती काढली. तेवढ्या दिवसांत त्याची अशी अवस्था झाली की ताटातला भात बघून तो दचकायचा. बायकोने त्याला पोळीवर ठेवलं.

मंगळवारी कापणीचं तोंड सोडवून मशीन कंटेनरमध्ये चढवलं, दारं लावली, सील ठोकलं. पाचच्या आत नागपूरच्या डेपोत पोचायचं, तिथून रेल्वेने बंदर, मग जहाज. धम्मदीप ट्रेलरमध्ये ड्रायव्हर परसरामच्या शेजारी फाइल मांडीवर घेऊन बसला. भंडारा मागे पडलं तसा त्याला जरा श्वास आला. श्वास आला म्हणून त्याने मोबाइल काढला. तिथेच चुकलं.

टिकारामभाऊंच्या पत्नी रत्नाबाई यांनी स्टेटस ठेवला होता. फोटोत त्या हार्वेस्टरच्या शिडीवर उभ्या होत्या, डोक्यावर पदर, ओंजळ धान्याच्या टाकीवर. खाली लिहिलं होतं, 'लेक चालली समुद्रापार.'

ओंजळीत धान होतं.

"थांबव!" धम्मदीप ओरडला. परसरामने शहापूरच्या फाट्यावर ट्रेलर कडेला घेतला आणि निवांतपणे तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला. ट्रेलर थांबवायला सांगणारा माणूस लघवीलाच जातो असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

धम्मदीपने फोन लावला. "काकू, टाकीत काय टाकलं?"

"ओटी भरली. तू झेरॉक्सले गेला होता तवा. पाच मुठी धान, हळकुंड, सुपारी. नारळ शीटखाली ठेवला, हालू नये म्हून. पोचला का नागपूरले?"

"काकू, एक दाणा नाई म्हून सही केली ना मी!"

"तू केली. मले कोणी इचारलं? अकरा वर्सं त्या पोरीनं अर्ध्या तालुक्याचं धान कापलं. तिले का रिकाम्या ओटीनं पाठवू?"

धम्मदीपला आठवलं ते वेगळंच. झेरॉक्सहून आल्यावर टाकीतलं धान पाइपात ढकलणारा स्क्रू अडकत नाही ना, हे बघायला त्याने तो खालूनच, टाकीत न डोकावता, स्वतःच्या हाताने दोन मिनिटं फिरवला होता. म्हणजे रत्नाबाईंची ओटी आता टाकीत नव्हती. ती पाइपात होती, बेअरिंगपाशी होती, जिथे बोट जात नाही आणि ब्रशही जात नाही अशा सगळ्या जागी होती.

"मंग काय झालं?" परसराम म्हणाला. "एवढ्या मोठ्या मशीनमंदी मूठभर धान कोण पाहते? बंद डबा, महिनाभर पाण्यावर. कोणाले पत्ता लागन?"

महिनाभर, दमट हवा. धम्मदीपला डोळ्यांपुढे दिसलं: बंदरावर दारं उघडली आहेत, आत धानाच्या रोपांचं हिरवंगार परं उगवलंय, आणि हार्वेस्टर आपलंच रोप घेऊन उभा आहे. बॅटरीवाला तपासनीस फाइल उघडतो आणि नाव मोठ्याने वाचतो. आडनावासकट. वडिलांच्या नावासकट.

त्याने नागपूरच्या शिपिंग एजंटकडच्या रश्मीला फोन केला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "मॅडम, आमच्या मशीनची ओटी भरली गेली."

"काँग्रॅच्युलेशन्स, सर," रश्मी म्हणाली. मग तिला समजलं. "सील तोडलं तर सगळे कागद नवे करावे लागतील. हे जहाज गेलं समजा. पुढचं बारा दिवसांनी. नाही तोडलं तर मला तुम्ही फोन केलाच नाही. बोला लवकर."

महामार्गावरून ट्रक जात राहिले. धम्मदीपने पोटाशी धरलेली फाइल उघडली, सहीकडे पाहिलं, बंद केली, पुन्हा उघडली. सही तीच होती.

"तोडतो," तो म्हणाला. परसरामने खर्रा थुंकला आणि ट्रेलर लाखनीकडे वळवला.

वर्कशॉपच्या दारात रत्नाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. सासरी न पोचता लेक अर्ध्या वाटेवरून परतली, ओवाळून टाकायलाच हवं होतं. धम्मदीप दोन्ही हात पसरून ट्रेलरच्या आडवा झाला.

"काकू, तुकडा खाली ठेवा! भाकर म्हंजे धान्यच हाय!"

"सरक बे, दृष्ट काढू दे!"

भाकरीचा तुकडा शेवटी परसरामने खाल्ला.

धुलाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. स्क्रू सोडवला, पाइप सोडवला, बेअरिंगं उपसली. नारळ, हळकुंड, सुपारी आणि बहुतेक धान पहिल्याच दिवशी निघालं; उरलेले एकशे चौदा दाणे काढायला आणखी आठ दिवस लागले. पण रत्नाबाई मागे हटेनात. ओटीशिवाय मशीन अंगणातून हलणार नाही, म्हणाल्या, आणि रॅम्पवर खुर्ची टाकून बसल्या. टिकारामभाऊंना त्याच दिवशी साकोलीला काम निघालं.

धम्मदीपने प्रतिज्ञापत्राचा मराठी तर्जुमा त्यांना वाचून दाखवला. बी, पान, पीस, किडा. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"लोखंड लिवलं हाय का त्याच्यात?"

त्याने तीनदा वाचलं. "नाई."

रत्नाबाई उठल्या. कपाटातून हिरवा खण आणला, नव्या नट-बोल्टांच्या पेटीत हात घातला आणि पाच मुठी भरून गाठोडं बांधलं. ते सीटवर ठेवलं. मशीनला हात लावून पदर डोळ्यांना लावला.

धम्मदीप गाठोडं सोडायला पुढे झाला. मालाच्या यादीत संख्या लिहावी लागते. त्याच्या हातावर चापट बसली.

"ओटी मोजतेत का कोणी?"

त्याने रश्मीला फोन लावला. "मॅडम, यादीत लिहा. नट-बोल्ट, पाच मुठी."

"सर, कोणाच्या मुठी?"

"रत्नाबाईच्या."

"हात लहान की मोठा?"

"मध्यम."

टाइप केल्याचा आवाज आला. धम्मदीपने नव्या प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि पुढचे सत्तेचाळीस दिवस मोबाइल खिशात ठेवला नाही, हातातच ठेवला. बायकोने भात वाढला तरी एका हातानेच जेवला.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी बंदरावरून मेल आला. सोबत फोटो होता. बॅटरी काखेत धरून एक उंचपुरा तपासनीस हिरव्या खणात हात घालून बसला होता, चेहरा अत्यंत गंभीर. खाली अहवाल होता. माती: नाही. बी: नाही. नट-बोल्ट: यादीत पाच मुठी, प्रत्यक्षात साडेचार.

धम्मदीप खाली बसला. मग त्याने पुढची ओळ वाचली.

'शेरा: तपासनिसाचा हात मोठा आहे. माल मंजूर.'