आनंदीच्या डोळ्यातली धाव

मी एक जुनी पेशी आहे. हसू नका, मित्रांनो! जुनी म्हणजे महिनाभराची. पण आमच्यात तेवढ्यात पणजी म्हणवून घेता येतं.

माझा जन्म बडोद्याच्या आनंदीच्या उजव्या डोळ्यात झाला, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं त्या काठावर. आई तिथेच राहते. आम्ही मुली मात्र डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरून मध्याकडे सरकतो. वाट कोण सांगतं? आमच्या पोटातली जनुकं! जनुक म्हणजे जन्मतःच मिळालेली सूचनांची चिठ्ठी. अशा एका चिठ्ठीला शास्त्रज्ञ ‘पॅक्स सिक्स’ म्हणतात. तिचं माप कमी-जास्त झालं, की पेशी वाट चुकतात. माझं माप चोख होतं, याचा मला भारी तोरा!

१९९७ची संक्रांत तोंडावर आली होती. बडोद्याजवळच्या सावली गावातल्या नव्या कारखान्यात नकाशे काढायची नोकरी होती आणि सोळा जानेवारीला आनंदीची परीक्षा. केसाएवढ्या बारीक रेषा ओढायच्या! आणि तेरा तारखेला बाईसाहेब खंडेराव मार्केटजवळ मांजा रंगवून घ्यायला उभ्या राहिल्या. वारा आला, मांजाला लावायची काचेची पूड डोळ्यात गेली आणि तिने ओढणीने डोळा खसाखसा चोळला. माझ्यापुढच्या कितीतरी बहिणी सोलून निघाल्या.

घरी उषाआत्या बाटली घेऊन धावली. “अगं, गुलाबपाणी घालते, बस, दोनच थेंब!”

“काही घालू नको, उषा!” आनंदीचे वडील जयवंतराव ओरडले. “चाल आनंदी, रिक्षा थांबवलीय.”

डॉक्टरांनी पूड काढली, औषध घातलं, पट्टी बांधली. “आनंदीबेन, दोन दिवस हात लावायचा नाही. चोळलं तर डाग राहून जाईल, हं.”

पट्टीआड जनुकांनी आम्हाला हुकूम सोडला, “चला!” आम्ही अंग चपटं केलं आणि एकमेकींचे हात न सोडता जखमेवर सरकलो. काय ती धाव! तासाला जेमतेम केसाच्या जाडीएवढी, पण धाव ती धावच!

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून येणाऱ्या बहिणी भेटल्या. जखम झाकली गेली! पण तेवढ्यात खाज सुटली. आनंदीचा हात पट्टीकडे निघाला. आमचा थर कोवळा होता. मला धडकीच भरली.

आत्याने ते पाहिलं. पाकात घातलेल्या तिळांचं पातेलं तिने आनंदीपुढे आदळलं. “वळ लाडू. दोन्ही हातांनी!”

गुळाने चिकटलेले हात डोळ्याला लावणार कसे? परात भरेपर्यंत आनंदी चरफडत लाडू वळत होती आणि आम्ही घट्ट पाय रोवत होतो.

सोळा तारखेला पट्टी सुटलेली होती आणि मी पडद्याच्या अगदी मध्यावर होते. आनंदीने पहिली रेषा ओढली. एकच रेषा, दोन दिसल्या नाहीत, धूसरही नाही! तो प्रकाश माझ्यातून आत गेला, मित्रांनो, माझ्यातून!

संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं आणि आनंदीला रडू कोसळलं. त्या आसवाबरोबर मी गालावर आले. माझं काम झालं होतं. तिचा हात सवयीने डोळ्याकडे गेला, वाटेत थांबला आणि फक्त गाल पुसून खाली आला.

तुम्हीही तेवढंच करा. तुमच्याही डोळ्यात माझ्या धाकट्या बहिणी चालत आहेत.