बुधवारची निळी गाडी

माझा निळा रंग आता इतका विटला आहे की तुम्ही मला ओळखणार नाही. पण मित्रांनो, मी एक जुनी दवाखान्याची गाडी आहे. मनाच्या आजारांच्या फिरत्या दवाखान्याची. सरकारी आवाराच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभी असते. माझ्या दोन चाकांतली हवा गेली आहे. तुमचा चेंडू टपावर येऊन आदळतो तेव्हा मला राग येत नाही. कोणीतरी हाक मारल्यासारखे वाटते.

कारखान्यात मला तयार केले तेव्हा मिस्त्रीने सवयीप्रमाणे स्ट्रेचरसाठी भोके पाडायला घेतली होती. तेवढ्यात सिस्टर आल्या. माझ्याबरोबर नेमणूक झालेल्या नर्सबाई त्या, पण त्यांना सगळे सिस्टरच म्हणत.

"स्ट्रेचर नको हो. दोन खुर्च्या बसवा," त्या म्हणाल्या.

"समोरासमोर?"

"छे. थोड्या तिरक्या. डोळ्याला डोळा भिडवून मनातलं बोलायला जड जातं माणसाला."

मिस्त्री डोके खाजवत राहिला, पण खुर्च्या त्याने तिरक्याच बसवल्या. शिवाय औषधांचे कुलपाचे कपाट, हात धुवायचे छोटे बेसिन आणि खिडक्यांना पडदे. असा माझा संसार थाटला गेला. चालवायला ड्रायव्हरकाका होते. खड्डा आला की ते आधी मागे बघून "सांभाळा" म्हणत आणि मगच ब्रेक लावत.

दर बुधवारी आम्ही कापडबाजाराजवळच्या पाण्याच्या टाकीखाली थांबायचो. सुरुवातीला लोक मला 'वेड्यांची गाडी' म्हणत आणि रस्ता ओलांडून पलीकडून जात. काही जण रक्तदाब तपासायच्या निमित्ताने आत येत, पट्टा दंडाला बांधून घेत आणि मग खाली बघत म्हणत, "सिस्टर, झोपच येत नाही हो." सिस्टर पट्टा सोडत नसत. पट्टा बांधलेला असला की माणूस बसून राहतो, हे त्यांना माहीत होते.

त्याच टाकीखाली मला मास्तर भेटले. मास्तर म्हणजे बाजारातले शिंपी. पुरुषांचे कोट शिवावेत तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. पण वर्षभर त्यांना कोणी न बोललेली बोलणी ऐकू येत होती. मशीन चालू केले की कोणीतरी आतून शिव्या देते, असे ते म्हणत. दुकान बंद पडले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, त्यांना दंडाला धरून आणले.

पहिले तीन बुधवार ते आत आलेच नाहीत. माझ्या पायरीवर बसून राहिले. सिस्टरही पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. चौथ्या बुधवारी ते उठून आत आले, कशासाठी म्हणाल तर पडदा बघायला.

"हे कोणी शिवलंय? दुमड वाकडी गेलीय," ते म्हणाले.

"मग नीट करून द्या ना," सिस्टर म्हणाल्या.

पडदा त्यांनी घरी नेला आणि आठवडाभराने आणून लावला. त्या दिवशी ते खुर्चीत बसले. आमच्याबरोबर येणाऱ्या डॉक्टरांनी महिन्याला एक इंजेक्शन ठरवले. हळूहळू आवाज मागे हटले. पाचव्या महिन्यात दुकानाची फळी उघडली. अक्का मला मुद्दाम सांगायला आल्या. म्हणजे सिस्टरना सांगत होत्या, पण त्यांचा हात माझ्या दारावर होता, म्हणून मी ते माझ्याकडेच घेतले.

अशी सहा वर्षे गेली. माझ्या आयुष्यातली तीच खरी वर्षे.

मग एक आमदारबाई मला बघायला आल्या. मनाच्या आजारावर प्रत्येकाला घराजवळ उपचार मिळालेच पाहिजेत, असा कायदा त्यांना आणायचा होता. त्या खुर्चीत बसल्या, आम्ही कुठे कुठे थांबतो ते विचारले आणि म्हणाल्या, "विधिमंडळाच्या समितीसमोर एखादा रुग्ण स्वतः बोलला ना, तर कोणाची नाही म्हणायची हिंमत होणार नाही."

सिस्टरनी मास्तरांना विचारले. अक्का आडव्या आल्या. "बाजारात निम्म्यांना माहीत नाही याचं. उद्या कोट शिवायला कोण देईल?"

मास्तरांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले अंगुस्तान काढून ठेवले. मग म्हणाले, "अक्का, मला गाडी मिळाली. दुसऱ्या कोणाला मिळायची असेल तर बोलायला हवं कोणीतरी."

मीच त्यांना विधिमंडळात घेऊन गेले. स्वतः शिवलेला कोट घालून ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा कोट पाठीवर घामाने ओला होता. चारच वाक्ये बोललो म्हणाले. पण ती चार वाक्ये दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आली. कायदा एकमताने मंजूर झाला. आमदारबाईंनी मास्तरांना माझ्या दारात उभे करून फोटो काढून घेतला. मास्तर हसत होते. मित्रांनो, मीही त्या दिवशी फुशारले. माझ्यामुळे कायदा झाला, असे मला वाटत होते.

अक्कांचे म्हणणे खरे ठरले. शाळेच्या गणवेशाचे काम मास्तरांच्या हातून गेले. दोन जुनी गिऱ्हाइके दिलेले कापड परत घेऊन गेली. मास्तर म्हणाले, "जाऊ दे. कायदा तर झाला ना."

पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प आला आणि सिस्टरना कार्यालयात बोलावणे आले. फिरत्या सेवेसाठी यंदा तरतूद नाही, असे साहेबांनी सांगितले. तेवढा पैसा कायद्याच्या प्रचाराकडे वळवला होता. लोकांना आपला हक्क कळायला नको का, असे साहेबांचे म्हणणे. डॉक्टरांची बदली झाली. सिस्टरना नोंदणी विभागात टेबल दिले. सिस्टर कायद्याची प्रत घेऊन माझ्यात येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या कलमात लिहिले होते, 'निधी उपलब्ध असल्यास'.

सिस्टर अक्कांना घेऊन आमदारबाईंकडे गेल्या. मी फाटकाबाहेर उभी होते. बाई त्यांना निरोप द्यायला बाहेरपर्यंत आल्या, गोड बोलत होत्या.

"माझा नाइलाज आहे हो, सिस्टर. कायदा आणणं माझ्या हातात होतं. पैसा माझ्या हातात नाही."

अक्कांनी विचारले, "अर्थसंकल्प मंजूर करताना तुम्ही हात वर केला होता का?"

"पक्षाचा आदेश असतो. करावा लागतो."

"माझ्या भावाला कोणाचा आदेश नव्हता, बाई, तरी तो बोलायला उठला."

आमदारबाईंनी घड्याळ पाहिले आणि त्या आत गेल्या.

महिनाभरात माझ्या खुर्च्या उपटल्या. कपाट काढले. टपावर दोन भोंगे बसवले आणि अंगावर मोठी अक्षरे चिकटवली: 'उपचार हा तुमचा हक्क आहे'. आत पत्रकांचे गठ्ठे भरले. भोंग्यातून तेच वाक्य दिवसभर वाजायचे. ड्रायव्हरकाका कानात कापूस घालून गाडी चालवत. कुठेही थांबायचे नाही, फक्त फिरायचे, असा हुकूम होता.

आणि एका बुधवारी आमचा रस्ता कापडबाजारातून होता.

मास्तर टाकीखाली बाकावर बसले होते. त्यांना मी सात महिन्यांनी पाहत होते. इंजेक्शनसाठी आता शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जावे लागे. दोन बस बदलून पाच तास. तीनदा ते गेले. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा औषध संपले होते. मग त्यांनी जाणे सोडले. आवाज परत आले आणि दुकान पुन्हा बंद झाले. हे सगळे मला नंतर अक्कांच्या बोलण्यातून कळले. पण त्यांच्या दाढीकडे आणि एका बटणावर अडकवलेल्या कोटाकडे पाहूनच मला अर्धे समजले होते.

माझा निळा रंग पाहून ते उठले. अक्का पिशवीतली फाइल घेऊन धावत आल्या. "आली बघ, आली," त्या भावाला म्हणत होत्या.

हुकूम मोडून ड्रायव्हरकाकांनी ब्रेक लावला. खाली उतरून त्यांनी मागचे दार उघडले. मास्तरांनी आत डोकावून पाहिले. नुसते गठ्ठे. वरच्या गठ्ठ्यातले एक पत्रक त्यांनी हातात घेतले. त्यावर त्यांचाच फोटो होता. माझ्या दारात आमदारबाईंच्या शेजारी हसणारे मास्तर. खाली छापले होते, 'मी बरा झालो'.

मास्तरांनी तो फोटो अक्कांपुढे धरला. "हा मीच आहे ना? की हेही मला नुसतं दिसतंय?"

"तूच आहेस रे," अक्का म्हणाल्या.

डोक्यावर भोंगा ओरडतच होता. काकांनी तो बंद केला. मग एकेक करून गठ्ठे उचलले आणि टाकीखाली रचून ठेवले. रिकाम्या जागेत स्वतःची सतरंजी अंथरली. "बसा दोघं," ते म्हणाले. "मला दुसरं काही येत नाही. गाडी चालवता येते."

दिवस मावळायच्या आत आम्ही मोठ्या दवाखान्यात पोहोचलो. मास्तर तिथे सहा आठवडे होते. ते बरे होऊन घरी गेले, पण या खेपेला हातांना सुटलेला कंप गेला नाही. कोट शिवणे कायमचे सुटले. आता ते फक्त काजे-बटणे करतात. दुसऱ्या एका समितीने त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी दारातूनच सांगितले, "तो माणूस इथे राहत नाही." काकांना हुकूम मोडल्याबद्दल घरी बसवले. आणि मला या भिंतीशी आणून सोडले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी त्या सभागृहात बसेल. तेव्हा आजारी माणसाला बोलायला जरूर बोलवा, पण आधी त्याच्या पुढच्या महिन्याच्या औषधाची सोय करा. आणि बाहेरच राहिलात तर कायद्याचे शेवटचे कलम वाचल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.

मला भंगारात काढतील, त्याचे दुःख नाही. दुःख याचे आहे की त्या बुधवारी मी मोठमोठ्याने ओरडत मास्तर-अक्कांच्या दारात गेले, ते विश्वासाने माझ्याकडे धावत आले आणि त्यांना द्यायला माझ्याजवळ कागदाशिवाय काहीच नव्हते. फसवले दुसऱ्यांनी, पण मास्तरांनी आवाज ऐकला तो माझा.